हललेल्या फोटोतले डोळे

लग्नाचे फोटो काढून काढून माझं डोकं उठलं होतं. पंचवटीत भाजीबाजाराच्या मागच्या गल्लीत, पूजासाहित्याच्या एका दुकानावर माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे काय, एक खोली, एक पडदा, दोन लाइट आणि पासपोर्ट फोटोसाठी एक स्टूल. पोट भरतं ते लग्नसराईवर. आणि लग्नवाल्यांचं एकच तुणतुणं, मॅडम, चेहरा जरा उजळ करा, डाग काढा, हनुवटी कमी करा. मी ते सगळं इमानेइतबारे करायचे. नवरीच्या आईला नवरी ओळखू येऊ नये इतकं करायचे, आणि घरी येऊन भांडी आपटायचे.

त्या वैतागातून मी हललेले फोटो काढायला लागले. आपल्याकडे फोटो हलला म्हणजे वाया गेला. मी तो मुद्दाम हलवायचे. खोली अंधारी करायची, कॅमेऱ्याचं शटर अर्धा सेकंद उघडं ठेवायचं आणि समोरच्याला सांगायचं, आता हला. बोला, मान फिरवा, शिंका, काय वाटेल ते करा. तेवढ्या वेळात चेहरा ओल्या कागदावर सांडलेल्या रंगासारखा पसरतो. शटर मिटायच्या जरासं आधी फ्लॅश मारायचा. फ्लॅश पडला तो क्षण तेवढा लख्ख उमटतो, बाकी सगळं विरघळलेलं. कधी नुसता कान सापडतो, कधी नथ, कधी पुढचे दोन दात. काय सापडेल ते आपल्या हातात नसतं, आणि मला तेच आवडायचं.

सुरुवातीला सगळा आनंदच होता. फ्लॅश थेट मारला की चेहऱ्याचं पीठ व्हायचं. मग त्याला रुमाल बांधून पाहिला, बटर पेपर लावून पाहिला, शेवटी आईच्या जुन्या सुती साडीचा तुकडा जमला. दोन नाकं, तीन भुवया, असले कितीतरी फोटो मी पुसले असतील. पहिला धड फोटो आला तो खालच्या दुकानात येणाऱ्या एका गुरुजींचा. मी त्यांना मंत्र म्हणायला लावलं. तोंड सगळं धूर झालं, कपाळावरचं गंध मात्र रेखीव. गुरुजींनी फोटो उलटासुलटा करून पाहिला आणि विचारलं, "माझं तोंड कुठं गेलं?" मी म्हटलं, मंत्रात गेलं. त्यांना ते पटलं असावं, कारण एक प्रत ते मागून घेऊन गेले. मेथी विकणाऱ्या मावशी मात्र म्हणाल्या, असले फोटो फुकट काढतेस तेच बरं.

आता गावाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं नीट कळेल. आमचं मूळ गाव कळवणच्या पुढे. शेती मोठ्या काकांकडे, माझे वडील सिन्नरला कारखान्यात. पण घरात शब्द चालायचा तो काकांचाच. सिन्नरच्या घरात पंखा कुठल्या कंपनीचा लावायचा, हेही गावाहून ठरायचं. मी दहावीत होते तेव्हा काकांनी माझ्यासाठी स्थळ बघितलं. परीक्षा झाली की बार उडवायचा असं ठरलं. वडील गप्प बसले, आई त्यांच्याहून गप्प.

त्या वर्षी नवरात्रात, अष्टमीच्या आरतीला, काकूच्या अंगात देवी आली. ती दर वर्षी यायची. संबळ वाजायला लागला की काकू घटासमोर बसल्या जागी डोलायची, केस सुटायचे, आवाज जाड व्हायचा. भाजीत मीठ कमी पडलं म्हणून वर्षभर जिच्यापुढे ताट सरकवायचे, तिच्याच पायांवर काका त्या संध्याकाळी डोकं ठेवायचे आणि विचारायचे, माउली, आमचं काय चुकलं? माउली सांगायची. बांध कुणी कोरला, कुणाला दवाखान्यात न्या, कुणाशी बोलणं तोडलंय ते जोडा. ती सांगेल ते वर्षभर घरात पाळलं जायचं. त्या वर्षी माउली म्हणाली, "ह्या पोरीला नाशकाला धाडा. शिकू द्या." स्थळ मोडलं. पुढे कॉलेजात मी मैत्रिणींना चेष्टेने सांगायचे, माझी अ‍ॅडमिशन देवीने केली. चेष्टेने सांगायचे, पण मनातून मानायचेही.

काकूला एक मुलगा आणि एक मुलगी. मुलाला मी दादा म्हणते, मुलीला सगळेच धाकटी म्हणतो. दोघांची लग्नं साट्यालोट्यात झाली. म्हणजे आमची धाकटी सटाण्याकडच्या ज्या घरात दिली, त्याच घरातली मुलगी, धाकटीच्या नवऱ्याची सख्खी बहीण, आमच्या दादाला केली. ती माझी वहिनी; काकूला ती आत्याबाई म्हणते. मांडव एक, खर्च एक, दोन्हीकडचे खूश. पण अशा सोयरिकीत एका घरात वाजलं की दुसऱ्या घरातल्या सुनेच्या पोटात गोळा येतो. गेल्या वर्षी उन्हाळ्यात धाकटी माहेरी आली ती डावा कान धरूनच. नवरा आधीपासून मारायचा, या वेळी कानाखाली अशी मारली होती की तिला त्या बाजूने ऐकू येईना. भाद्रपदात दोन्हीकडची माणसं बसली. चहा झाला, समजुती झाल्या, आणि दसरा झाला की मुलीला परत धाडायची असं ठरलं. धाकटीला कुणी विचारलंच नाही.

मी दादाशी फोनवर भांडले. तो वाईट माणूस नाही, म्हणून तर जास्त राग येतो. तो म्हणाला, "ती नाय गेली तर ते हिला घिऊन जातील. माझी दोन लेकरं हायेत. मी काय करू, तूच सांग." मी फोन ठेवून दिला.

गेल्या वर्षीच्या अष्टमीला मी गावी गेले ती कॅमेरा घेऊनच. अंधारा देव्हारा, समयांचा उजेड, डोलणारी काकू. मी पंचवटीत पडदे ओढून जे जुळवत बसायचे ते तिथे आयतंच होतं. दिवेलागण झाली. फ्लॅशला साडीचा तुकडा बांधून मी खांबाला टेकून बसले. माझ्या शेजारी दादा आरतीचं ताट घेऊन उभा होता, मागे वहिनी समईत तेल घालत होती. धाकटी चांगला कान संबळाकडे करून भिंतीशी बसली होती.

संबळ चढला. काकू डोलायला लागली, मग घुमायला लागली. बायकांनी तिचा मळवट भरला. काका पुढे सरकले, हात जोडले. "माउली, काय हुकूम?"

"पोरगी ह्या घरात राहील," माउली म्हणाली. "तिला परत धाडाल तर माझा घट बसवू नका."

मी त्याच वेळी शटर दाबलं. शेवटी फ्लॅश पडला. तशाही बायका मोबाइलवर फोटो काढत होत्या, कुणी लक्ष दिलं नाही. काकांनी जमिनीला कपाळ टेकलं आणि म्हणाले, "नाय धाडनार, माउली." दादाने ताट खाली ठेवलं आणि तोही वाकला. धाकटी भिंतीशी बसून रडायला लागली. मला इतकं हायसं वाटलं की मीही डोळे पुसले, आणि मग सवयीने कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर पाहिलं.

एवढा चांगला फोटो मी आयुष्यात काढला नव्हता. केस, कुंकू, हिरवं लुगडं, सगळं गरगरत एकमेकांत मिसळलेलं, चेहऱ्याला कडाच नाहीत. आणि त्या सगळ्याच्या मधोमध दोन डोळे, लख्ख. टक्क उघडे. ते वर लागलेले नव्हते, फिरलेले नव्हते. ते सरळ माझ्या शेजारी, दादाकडे बघत होते. दूध उतू जायला आलंय का हे ज्या नजरेने काकू चुलीकडे बघते, त्या नजरेने ती बघत होती की आपलं बोलणं मुलाला लागलं का.

मी मान वळवली तर वहिनी तेलाची बुधली घेऊन अगदी मागे उभी. तिने स्क्रीन पाहिली का नाही, मला कळलं नाही. ती दुसऱ्या समईकडे गेली.

नाशिकला परत आल्यावर जीव टांगणीला लागला. वहिनीने पाहिलं असेल आणि दादाला सांगितलं असेल, तर संपलं. दादा म्हणेल, माउली कुठली, ही तर आईच बोलत होती. आणि आईच्या बोलण्याला त्या घरात किती किंमत आहे ते मी लहानपणापासून बघत आलेय. धाकटीचं बोचकं दुसऱ्या दिवशी बांधलं गेलं असतं. आठवडा गेला, दोन गेले, गावाहून काही आलं नाही. मी फोटोची मोठी प्रत काढली. काढल्याशिवाय राहवेना. दिवसातून कितीदा तरी मी तिच्यासमोर उभी राहायचे.

त्या सुमारास शहरातली काही फोटोग्राफर मंडळी मिळून पोर्ट्रेटचं एक प्रदर्शन भरवणार होती. मी माझे हललेले फोटो पाठवले, त्यात हाही पाठवला. गावाकडून कोण येतंय बघायला, असं मनाला समजावलं. त्यांनी नेमका तोच निवडला, आणि निमंत्रणावरही तोच छापायचा म्हणाले. मला आनंदाने रडू आलं, आणि लगेच गाव आठवलं. निमंत्रण म्हणजे मोबाइल आला. मोबाइलवर आलेलं कळवणला पोचायला किती वेळ लागतो?

मी नाही म्हणायचं की हो, हे ठरवत असतानाच काकू नाशिकला आली. धाकटीचा कान दाखवायला दोघी एसटीने आल्या होत्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं, ऐकू येईल पण पहिल्यासारखं नाही. दुपारी दोघी माझ्या स्टुडिओवर आल्या. मी पाणी आणायला पडद्यामागे गेले आणि बाहेरून धाकटीचा आवाज आला, "आई, तुझा फोटो बघ केवढा मोठा."

मी बाहेर आले तेव्हा काकू टेबलावर दोन्ही हात ठेवून फोटोवर वाकली होती. मग तिने धाकटीला खाली फुलं आणायला पाठवलं.

"ह्यो कोनी कोनी पाह्यला?"

"इथल्या लोकांनी. गावातलं कुणी नाही." वहिनीचं मी बोलले नाही.

ती स्टुलावर बसली. पासपोर्ट फोटोला माणसं बसतात तशी, ताठ. म्हणाली, "मी बघत व्हते व्हय गं?"

मी म्हटलं, काकू, फ्लॅश पडला की कधी कधी डोळे आपोआप उघडतात. फ्लॅशने डोळे मिटतात हे शाळेतलं पोरही सांगेल. मग ती जे बोलली ते मला अजून झोपू देत नाही.

"मला त्या टायमाला काय बी कळत नाय. खरंच सांगते. संबळ लांब जातो. हातपाय माझे राहत नाय. नंतर बाया सांगतात माउली काय बोलली ते, तवा मला कळतं. इतकी वर्सं असंच चाललंय." तिने फोटोवरच्या डोळ्यांवर बोट ठेवलं. "मंग दादाकडं ह्ये कोन बघतंय?"

मला आधी वाटलं होतं, काकू पकडली गेली म्हणून घाबरेल. तसं नव्हतं. तिच्याकडचं काहीतरी मी काढून घेतलं होतं, आणि ते मी घेतलंय हे मला तेव्हाच कळलं. मी काकुळतीला येऊन विचारलं, "माझं स्थळ मोडलं त्या वर्षी? तेव्हाही तुला बायकांनीच सांगितलं?"

"व्हय," ती म्हणाली. मग म्हणाली, "पन त्या दिशी सकाळी तू मोरीत भांडी घासत रडत व्हतीस. ते मी बघितलं व्हतं."

मी फोटो उचलला, फाडायला घेतला. तिने माझा हात धरला. "फाडू नको. त्यात माउलीबी हाय." देवाचा फोटो फाडत नाहीत, पाण्यात सोडतात, एवढं मलाही माहीत होतं. धाकटी फुलं घेऊन आली. तिघी घाटावर गेलो. धाकटीला आम्ही सांगितलं की फोटोला पाणी लागलंय, खराब झालाय. तिने विचारलं नाही काही. ती हल्ली कुणालाच काही विचारत नाही.

काकूने फोटोवर हळदकुंकू वाहिलं आणि गोदावरीत सोडला. आता हा चांगल्यातला जाड कागद, वर चकचकीत थर. बुडतोय कुठला? तो पाण्यावर तरंगत राहिला, तोंड वर. केस, कुंकू सगळं लाटेत हलत होतं आणि डोळे आमच्याकडे. काकू पदर धरून बघत उभी. मला ते बघवेना, मी पायरी उतरून फोटो ओढून घेतला, फुलांच्या फडक्यात दगडासकट बांधला आणि पुन्हा सोडला. मग गेला. स्टुडिओत येऊन मी काकूसमोर कार्डातून आणि लॅपटॉपमधून फाइल पुसली.

प्रदर्शनवाल्यांना मी नकार कळवला आणि त्यांच्याकडची फाइलही पुसायला लावली. त्यांच्यातले एक जण फोनवर म्हणाले, कलाकाराने असं घाबरून कसं चालेल? तळपायाची आग मस्तकात गेली. तुमची बहीण धाडा मग सटाण्याला, हे अगदी ओठांवर आलं होतं, गिळलं. निमंत्रणावर गुरुजींचं गंध छापलं. लोकांनी वाहवा केली. मी भिंतीवरच्या रिकाम्या राहिलेल्या जागेकडे बघत उभी होते.

वर्ष कसंतरी गेलं. धाकटी गावातच शिवणकाम करायला लागली. दिवाळीला वहिनी माहेरी गेली तर तिच्या भावाने तिला पाठवलीच नाही. आमची बायको द्या, तुमची न्या, असं चाललं होतं त्यांचं. महिन्याने दादा हातापाया पडून तिला घेऊन आला. त्यानंतर त्याचा सूर बदलला. नवरात्राच्या आधी त्याचा मला फोन आला. "माउलीचा हुकूम वर्साचा असतो. यंदा परत विचारू. माउली काय बोलली नाय तर तिची हरकत नाय, असं आबांशी बोलनं झालंय." आबा म्हणजे काका, त्याचे वडील. मी विचारलं, आणि धाकटीशी बोलणं झालंय का? तो म्हणाला, तू येतेस ना अष्टमीला, ये.

गेले. कॅमेरा नेणार नव्हते, पण सवयीने पिशवीत टाकला गेला. काकू मला दारातच भेटली. वर्षात ती खंगली होती. माझा हात हातात घेऊन हळूच म्हणाली, "मला भ्या वाटतंय. डोळे मिटले की तेच दिसतं बघ, माझेच डोळे."

दिवेलागणीला संबळ सुरू झाला. काकू घटासमोर बसली. माणसं गेल्या वर्षीपेक्षा जास्त होती, कारण सगळ्यांना माहीत होतं की आज काय विचारायचंय. संबळ चढला. काकू बसून राहिली. संबळवाल्याने पुन्हा सुरुवातीपासून धरलं. काकूने केस मोकळे केले, मान एकदोनदा हलवली आणि हाताने डोळे झाकून घेतले. मला दिसत होतं, ती वाट बघत होती. पण वाट बघणाऱ्याला ते येत नसावं. हात काढला तेव्हा तिचा चेहरा रोजचा होता, चुलीपुढचा. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. काका खाकरले.

दादा म्हणाला, "यंदा माउली गप हाय. म्हंजी तिची हरकत नाय." त्याचा आवाज चोरटा होता, पण बोलला. धाकटीला ते ऐकू गेलं नसावं. तिने चांगला कान पुढे केला आणि वहिनीला विचारलं, "काय म्हनला दादा?" वहिनी तेलाची बुधली घट्ट धरून उभी होती. काकू माझ्याकडे बघत होती. संबळवाला काठी खाली ठेवणार होता.

मी कॅमेरा बाजूला ठेवला. केसांचा क्लिप काढला. माझे केस खांद्यापर्यंतसुद्धा येत नाहीत, पण सोडले. काकूच्या शेजारी जाऊन बसले आणि डोलायला लागले. लाजेने कानशिलं तापली होती. मी शिकलेली, नाशिकला राहणारी, असल्या गोष्टींवर सगळ्यांशी वाद घालणारी. एकच गोष्ट मी पक्की ठरवली होती, डोळे उघडायचे नाहीत. काही झालं तरी नाही. काठी पुन्हा संबळावर पडली, आणि कुणीतरी माझ्या कपाळावर कुंकवाची चिमूट दाबली. ते बोट काकूचं होतं. तिच्या हाताला लसणाचा वास असतो.

"माउली, काय हुकूम?" काकांचा आवाज आला, पायाशी.

मी काय बोलले ते मला आठवतं. निदान सुरुवातीचं आठवतं. "मागच्या वर्षी सांगितलं ते ऐकू आलं नाही का? मुलगी जाणार नाही. आणि सूनही जाणार नाही. दोघींपैकी एकीलाही कुणी उंबऱ्याबाहेर काढायचं नाही. सटाण्याहून कोणी न्यायला आलं तर त्याला माझ्यासमोर उभं करा." त्यानंतर मी बरंच काही बोलले असं म्हणतात, आणि ते मला आठवत नाही. बाजूची एक म्हातारी म्हणाली, यंदा माउली पुस्तकातलं बोलती. मध्येच मिटल्या पापण्यांवर एक लालभडक उजेड पडला. फ्लॅश. माझाच फ्लॅश, साडीच्या तुकड्यातून आलेला, मी तो कुठेही ओळखेन. कोणीतरी माझा कॅमेरा उचलला होता. मी डोळे आणखी आवळले. मग काकांचं कपाळ पायाला लागलं, मग दादाचं. दादाचं ओलं होतं.

मी खरंच नाटक करत होते का? अजून मला सांगता येत नाही. संबळ लांब गेला होता, एवढं खरं. आणि हात माझे नव्हते, तेही खरं. आता दर वर्षी मला जावं लागेल. लोक वाट बघतील.

आरती झाली, पंगत बसली. मी अंगणात तोंड धुवत होते. कुंकू निघता निघेना. वहिनी माझा कॅमेरा घेऊन आली.

"ताई, मी एक काढला. तुम्ही बसल्या व्हत्या तवा."

कॅमेरा माझ्याच पद्धतीवर लावलेला राहिला होता, त्यामुळे फोटो हललेला. चेहऱ्याचा सगळा रंग पसरलेला. आणि मधे माझे डोळे, मिटलेले, इतके आवळून मिटलेले की कडेला सुरकुत्या पडल्या होत्या.

"ह्यांना दाखवला," वहिनी म्हणाली. "ते कॅमेरा मागतच व्हते. मोठा करून करून बघितला त्यांनी. मंग वाकले."

"आणि उघडे असते तर?" मी विचारलं.

वहिनीने पदराने माझ्या भुवईवरचं कुंकू पुसलं. "तर फोटो हलला, वाया गेला, असं सांगितलं असतं. गेल्या साली ह्यांनी आत्याबाईंचा मागितला, तवा सांगितलं तसं."

आणि कॅमेरा माझ्या हातात देऊन ती धाकटीला वाढायला आत गेली.